शुक्रवारचं पाणी

ताल-बुलाक, ३ जून १९९८

कलिपा एजे,

सैराच्या दुकानातून तुमच्यापर्यंत बातमी पोहोचायच्या आत मीच सांगते. मी घराबाहेर पडले. डोक्याला काळा रुमाल होता, पण पायांत मेदेरचे रबरी बूट आणि हातात फावडं.

बसच्या पायरीवर उभ्या राहून थोरल्या नणंदेच्या अधिकाराने तुम्ही मला जे बजावलंत ते सगळं माझ्या लक्षात आहे. चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं, कोणी भेटायला आलं की गळा काढायचा. "एवढं केलंस तर चाळिसाव्याला मी येईन आणि तू माझी. नाही केलंस तर माझ्या भावाला बायकोच नव्हती असं समजेन." मग बोलोतने हॉर्न वाजवला आणि तुम्ही आत गेलात. खिडकीतून तुम्ही मागे बघाल म्हणून मी उभी होते.

बसायचा प्रयत्न केला, एजे. तुम्ही अंथरून दिलेल्या त्याच गादीवर. बायका यायच्या, माझ्या खांद्यावर डोकं टेकून हेल काढायच्या, आणि माझ्याकडून काहीच येत नाही असं बघून डोळे पुसून चहाकडे वळायच्या. सैरा तर तोंडावर म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझा फ्रीज जास्त आवाज करतो ग." मला राग आला नाही. खरंच होतं ते.

मग सोमवारी सकाळी शेजारचा दाइर आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"वहिनी, अशा वेळी यायला लाज वाटते. पण पाटाच्या वरच्या दारापाशी, जिथून पाणी सोडतात तिथे, तोक्तोसुन फावडं घेऊन उभा आहे, आणि त्याच्यासमोर तीन जण. कोणाची पाळी कधी, कोणालाच माहीत नाही. मेदेर सगळं डोक्यात ठेवायचा."

"मग मी काय करू?"

"तुम्हाला माहीत असेल. तो घरी बोलत असेलच की."

माहीत होतं. पाटकरी झाल्यापासून रोज जेवताना तो उद्याच्या पाळ्या मोठ्याने म्हणायचा आणि मी भांडी घासत ऐकायचे. मला त्या शाळेतल्या मुलांच्या नावांसारख्या पाठ झाल्या होत्या. दाराआडून सांगता आलं असतं, हे तुम्ही म्हणाल. मीही आधी तसंच केलं. पण दाइर गेला आणि अर्ध्या तासात परत आला. "तोक्तोसुन म्हणतो, हे तू बनवून सांगतोयस. बाईने स्वतः येऊन सांगावं."

म्हणून गेले. मला बघून त्यांनी वाट करून दिली, रुमालामुळे असेल. मी पाळ्या सांगितल्या, वर्गात सांगावं तसं. तोक्तोसुन म्हणाला, "आता पाटकऱ्याची बायको पाटकरीण झाली." पण फावडं खाली ठेवलं.

परत आल्यावर गादीवर बसले नाही. भांडी काढली, सगळी घासली. हे रागावून वाचू नका. वाचा मात्र.

तुमची सोनुन


११ जून

कलिपा एजे,

उत्तर नाही. बोलोत म्हणाला, पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते घेतलंत आणि आत गेलात. एवढंच.

पाण्याचं काम आता माझ्याकडेच आलं आहे. कोणी ठरवलं नाही. दाइर सकाळी येतो, मी पाळ्या सांगते, दुपारी वर चढून दार बघून येते. बर्फ वितळायला लागलं आहे, पाट काठोकाठ वाहतो. शाळेला सुट्टी आहे, नाहीतर हे जमलं नसतं. जमलं असतं बहुतेक.

मंगळवारी तालुक्याहून मार्लेनभाऊ आले होते, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पुढारी. तुम्हाला ते आवडत नाहीत हे मला माहीत आहे. सैराही म्हणते, "मार्क्स आणि लेनिन जोडून बापाने नाव ठेवलं, आणि हा येशूचं सांगत फिरतो. बापाला थडग्यात चैन नसेल." पण माणूस मनाने चांगला आहे. मला बूट घातलेलं बघून त्यांचे डोळे भरून आले.

"बहिणी," ते म्हणाले, "गाव तुझ्याकडे बघतंय. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखी तू भिंतीकडे तोंड करून बसली नाहीस. हातातला वेळ देवाचा आहे. तो तू वाया घालवत नाहीस, ही मोठी साक्ष आहे."

मग त्यांनी विचारलं, मुलांचा शनिवारचा वर्ग घेशील का. हो म्हटलं. दवाखान्यातल्या आजाऱ्यांना भेटायला जाशील का. हो. बायकांच्या सभेसाठी पाव भाजशील का. हो. त्यांनी विचारायचं थांबवलं तेव्हा मला भीती वाटली की आता काय.

तुम्हाला इथलं आताचं घर ओळखू येणार नाही. भिंतींना चुना दिला. पडदे धुतले. जर्दाळूची परात अजून रिकामी आहे, पण फळं पिकायच्या आधीच मी जाळ्या शिवून ठेवल्या. कपाटामागचा कोळी काढला, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाट सरकवलं, तो परत आला का बघायला.

दाइरची आई, कुमुश-अपा, रोज सकाळी काठी टेकत येतात. विधवेने एकटं बसू नये म्हणून. त्या येतात तेव्हा मी निघायच्या घाईत असते. त्यांच्यासमोर चहा, पाव, मलई ठेवते आणि म्हणते, अपा, तुम्ही बसा, मी आलेच. त्या म्हणतात, "जा सूनबाई, मी बसते. कोणीतरी बसायला हवं." मी परत येते तेव्हा त्या गेलेल्या असतात आणि कप उपडा ठेवलेला असतो.

मी बसत नाही म्हणजे मला दुःख नाही असं तुम्ही धरून चालू नका. बसले की छातीत काहीतरी धावायला लागतं. उभी राहिले की ते जरा मागे पडतं.

पाव भट्टीत आहे. जळतोय बहुतेक.

सोनुन


२० जून

कलिपा एजे,

बोलोतने आज निरोप आणला. मान खाली घालून सांगत होता, जणू त्याचीच चूक आहे. "कलिपा-एजे म्हणाल्या, पत्रं पेटीत आहेत, फोडलेली नाहीत. तिला म्हणावं आधी बस. मग बघेन."

म्हणजे हेही तुम्ही वाचणार नाही. मग मला हवं ते लिहिता येईल.

पहिली गोष्ट. मी प्रार्थना करत नाही. मंडळीत उभी राहते, डोळे मिटते, आमेन म्हणते. मुलांना प्रार्थना शिकवते. पण घरी, एकटी असताना, एकदाही केलेली नाही. प्रार्थनेला थांबावं लागतं, एजे. सगळा दिवस देवाच्या कामात घालवते आणि देव मात्र दारात उभा, दाइरसारखा, टोपी हातात घेऊन. त्याला आत ये म्हणायला मला फुरसत नाही. हे मी मार्लेनभाऊंना सांगू शकत नाही. त्यांना माझा अभिमान वाटतो.

दुसरी गोष्ट. मेदेर गेला त्या शुक्रवारी भर दुपारी तो वरच्या दारापाशी एकटा का होता, हे तुम्ही इथे सगळ्यांना विचारत होतात आणि कोणी तुमच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं नाही. मी देते.

सामुदायिक शेत मोडून जमिनी वाटल्या, तेव्हापासून पाण्यावरून दर उन्हाळ्यात डोकी फुटायची. त्यात शुक्रवारची दुपार सगळ्यात वाईट. पुरुष मशिदीत जाणार, आणि ज्याची पाळी असेल त्याने एकतर नमाज सोडायची नाहीतर पाणी सोडायचं. मेदेर पाटकरी झाला त्या पहिल्याच बैठकीत उठून म्हणाला, "शुक्रवारी दुपारी पाटावर मी. तुम्ही सगळे नमाजाला जा. ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात दारंही मीच धरीन." कोणीतरी विचारलं, "आणि याचं तुला काय?" तो म्हणाला, "रविवारी सकाळी मला मोकळं सोडा." दाइरने रविवार घेतला. तेव्हापासून शुक्रवारी कधी भांडण झालं नाही.

त्या शुक्रवारीही तसंच. दाराखाली दगड अडकला, तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बर्फाचं पाणी. डॉक्टर म्हणाले, हृदय. नमाजाहून परतणाऱ्यांना तो काठावर सापडला. वर चढून आला होता, म्हणजे दगड निघाला होता.

ज्यांच्या बटाट्यांना त्या दुपारी पाणी चाललं होतं त्यांच्यापैकीच दोघं नंतर कबरस्तानाच्या फाटकात उभे राहिले आणि म्हणाले, धर्म सोडलेल्याला इथे नाही. म्हणून तुमचा भाऊ आईवडिलांशेजारी नाही, तालुक्याच्या रशियन कबरस्तानात आहे. तुम्ही तिथे मातीची मूठ टाकली नाहीत. मूठ तशीच घट्ट धरून बसमध्ये बसलात. मला दिसलं. त्या दोघांची नावं लिहीत नाही. त्यांच्या बायका म्हणतात, त्यांनाही अन्न गोड लागत नाही.

आता शुक्रवारची दुपार मी सांभाळते. तिथे उभी राहते, पाण्याकडे बघते आणि लगेच काहीतरी उपटायला लागते. काठावरचं गवत संपत आलं आहे.

सोनुन


२७ जून

कलिपा एजे,

काल शुक्रवार होता. हात अजून नीट चालत नाही, चिखल काढून काढून. पण सांगायलाच हवं.

मार्लेनभाऊंकडे राजधानीच्या मंडळीतले पाहुणे येणार होते. "बहिणी, तू दोन शब्द सांग. विधवा असूनही तू वेळेचं सोनं कसं केलंस ते." सभा नेमकी शुक्रवारी दुपारी. मी म्हटलं, त्या वेळी मी पाटावर असते. ते म्हणाले, "तासाभराचा प्रश्न आहे. देव पाटही सांभाळेल." आणि मला नाही म्हणता येत नाही. एका वेळेवर दोन कामं ठेवली, दोन्ही देवाचीच, मग चूक काय?

दार मी अर्धं लावलं, वर दगड ठेवला आणि तालुक्याला गेले. पाहुण्यांपुढे उभी राहिले. काय बोलले आठवत नाही. टाळ्या नाहीत आमच्यात, पण सगळ्यांनी मान डोलावली. एका बाईने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्हाला थकवा येत नाही?" मी हसले.

परत आले तर खालच्या वळणावर पाटाचा काठ फुटलेला. दुपारच्या उन्हाने वर बर्फ जास्त वितळलं, दगडाने दार धरलं नाही. पुरुष नमाजात, बायका घरांत. पाणी सरळ कुमुश-अपांच्या मळ्यात आणि घरात शिरलं. बटाटे, गाजरं, लसणाचे वाफे, सगळं चिखलाखाली. ओट्यावरचं ओलं पिठाचं पोतं मी उचललं, ते हातातच फाटलं.

नमाजाहून आलेले पुरुष जमा झाले. मला वाटलं, आता बोलतील. दाइर फक्त म्हणाला, "आई कुठे आहे?"

"घरात नाही?"

"ती तुमच्याकडे असते ना रोज, सकाळपासून या वेळेपर्यंत. तुमच्याकडे बसायला."

मी घराकडे पळाले. अंगणात पोहोचले आणि थांबले. आतून आवाज येत होता. म्हातारा, फाटका, पण नेमका आवाज. अपा माझ्या गादीवर, माझ्या भिंतीकडे तोंड करून, एकट्या, माझ्या नवऱ्यासाठी गळा काढत होत्या. म्हणजे त्या रोज हेच करत होत्या. चहा पिऊन जात नव्हत्या. माझ्या वाटणीचं रडून जात होत्या.

मी दारातल्या जोड्यांजवळ उभी राहून ऐकलं. तुम्हाला विलापाची रीत माहीत आहे, गेलेल्याने काय काय केलं ते एकेक सांगतात. पण मला जे माहीत होतं त्यातलं त्यात काहीच नव्हतं.

"शुक्रवारच्या माझ्या पाहुण्या रे, कुठे राहिलास रे. पाण्याचं दार लावून माझं दार उघडायचास रे. एकच गोष्ट शंभरदा सांगितली, शंभरदा नवी म्हणून ऐकलीस रे. चहा गार झाला म्हणाले तर म्हणायचास, गार होऊ दे, अपा, मला कुठे जायचंय रे."

एजे, शुक्रवारी तो जेवायला उशिरा यायचा. मी समजायचे, पाटाचं काम. रश्शाचं भांडं झाकून ठेवून मी चिडून बसायचे. आणि तो हिच्याकडे बसलेला असायचा. काही न करता. ज्याने कधी कोणाच्या पाळीतला घोटभर वेळ इकडचा तिकडे केला नाही, तो दर शुक्रवारी एका म्हातारीजवळ बसून स्वतःचा वेळ नुसता वाहू द्यायचा. मला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं त्याला वाटलं नसेल.

मी आत गेले. म्हटलं, "अपा, तुमचा मळा गेला. माझ्यामुळे. मी पाटावर नव्हते."

त्यांनी मान वळवली. "कुठे होतीस?"

"सभेत. बोलत होते."

"काय बोलत होतीस?"

मी सांगितलं नाही.  त्या गादीवर सरकल्या, अर्धी जागा मोकळी केली आणि म्हणाल्या, "मळा उद्याही चिखलातच असणार आहे. तू आधी बस."

बसले.

सोनुन


३ जुलै

कलिपा एजे,

चाळिसावा झाला. तुमच्याकडे. बोलोतने सांगितलं की मेंढी कापली, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, आणि कोणी माझं नाव काढलं तर तुम्ही ताटाकडे बोट दाखवून म्हणायचात, खा. मला बोलावणं नव्हतं. मी सकाळपासून मागच्या वाटेकडे बघत राहिले, तुमचा निरोप आला तर चुकू नये म्हणून. मग समजलं की येणार नाही.

पण मी बसते आहे. त्या शुक्रवारपासून. तुमच्या हिशेबात हे बसत नाही हे मला कळतं. तुम्ही सांगितलेल्या दिवसांत मी फिरत होते, आणि दिवस संपत आले तेव्हा बसले. जर्दाळू पिवळे व्हायला लागले असताना गावात कोण बसतं! तरी सकाळी कुमुश-अपा येतात आणि आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसतो. त्या गळा काढतात. मला अजून येत नाही. पण आता मी उठत नाही.

पहिल्या दिवशी तर मला वेड लागेल असं वाटलं. हात मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्या दिवशी छातीत धावणारं ते काहीतरी मला गाठून पुढे गेलं, आणि मी मेले नाही. तिसऱ्या दिवशी अपा गेल्यावर मी तशीच बसून राहिले आणि म्हटलं, प्रभू, मी इथे आहे. पुढे काही सुचलं नाही. तेवढ्यावरच राहिलं.

पाण्याचं विचाराल तर त्यातही गंमत झाली. पाळ्या मी दाइरला आणि त्याच्या बायकोला, जिपारला, पाठ करून घ्यायला लावल्या. शुक्रवारची दुपार उरली. पुरुषांना जमत नाही, मी बसलेली. तर सैरा म्हणाली, "मी दुकान बंद ठेवते. नाहीतरी त्या वेळी कोण येतं, सगळे पुण्य कमवायला गेलेले असतात." आज तिने आणि जिपारने दारं धरली. तोक्तोसुन नमाजाहून आला आणि म्हणाला, "आता आम्ही बायकांच्या हातून पाणी घ्यायचं?"

सैरा म्हणाली, "नको घेऊस. तुझे बटाटे नमाजानेच वाढव."

हे मला जिपारने सांगितलं. मी हसले, आणि हसता हसता जे झालं त्याला रडणं म्हणायचं की काय, मला माहीत नाही. जिपार घाबरून पाणी आणायला पळाली.

तुटलेल्या काठाची माती पुरुषांनी भरली. कुमुश-अपांच्या मळ्यात गाजरं पुन्हा पेरली, थंडीआधी होतील. बटाटे गेलेच. माझ्या अर्ध्या शेतातले त्यांचे, असं ठरलं.

मार्लेनभाऊही आले. मला गादीवर बघून दारातच थबकले.

"बहिणी, हे काय? तू मागे जुन्या धर्माकडे जातेस का?"

"नाही, भाऊ."

"मग ही भिंत, हा काळा रुमाल? मुलांचा वर्ग कोणी घ्यायचा? तुझा वेळ..."

"माझा वेळ मी देवालाच देते आहे. आधी कामं देत होते. वेळ कामांनीच भरलेला होता, त्याच्यापर्यंत तो पोहोचायचाच नाही."

मी एवढं कधी बोलत नाही. तेही चकित झाले. त्यांनी घड्याळ बघितलं, टोपी घातली, मग काढली. कुमुश-अपा म्हणाल्या, "बस रे मार्लेन. तुझं घड्याळ तुझ्याशिवायही चालेल." आणि ते बसले. पाय हलवत होते सारखे, खिशातून किल्ल्या काढून परत ठेवत होते. मग त्या ठेवून दिल्या. जाताना काही उपदेश केला नाही. म्हणाले, "मेदेरला मी कधी विचारलंच नाही की तू कसा आहेस. भेटलो की कामच सांगायचो."

एजे, माझे दिवस तुम्ही मोजा किंवा मोजू नका. पण मी बसले आहे एवढं कोणीतरी तुम्हाला सांगावं. तुम्ही हे फोडणार नाही, म्हणून बोलोतला तोंडीही सांगितलं आहे.

सोनुन


२१ जुलै

कलिपा एजे,

शनिवारी तुम्ही येऊन गेलात. तुमच्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते.

बसचा आवाज आला तेव्हा मी उठले नाही. कोणीतरी उतरलं, कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे ओळखीचं. तुम्ही आत आलात, मला सलाम केला नाहीत, कुमुश-अपांना केलात. त्यांनी काठी घेतली आणि त्या निघून गेल्या. तुम्ही माझ्याशेजारी बसलात, माझ्याकडे पाठ करून, आणि गळा काढलात.

मेदेरला तुम्ही पाठीवर बांधून वाढवलंत, हे मला माहीत होतं. पण त्या विलापात ऐकलं की आई गेली तेव्हा तुमचंच वय खेळायचं होतं. मग तुम्ही मला फैलावर घेतलंत. दगडाची बायको. भावाला परक्या मातीत टाकणारी. मी ऐकत राहिले. सगळं खरं नव्हतं, पण सगळं तुमचं होतं.

तुम्ही थांबलात. रीत अशी की आता मी उत्तर द्यायचं, चालीत. मला चाल येत नाही. मी म्हटलं, "त्या सकाळी त्याने दोन अंडी खाल्ली. तिसरं नको म्हणाला. दारातून परत आला, मला वाटलं काही विसरला. म्हणाला, काही नाही. आणि गेला."

तुम्ही म्हणालात, "हे कुठल्या चालीत बसतं?"

"कुठल्याच नाही."

तुम्ही रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधलीत. मग म्हणालात, "तसंच सांग."

मी सांगत गेले, एजे. लग्नापासूनचं सगळं, शाळेत धडा सांगावा तशा कोरड्या आवाजात. मूल झालं नाही ते. आम्ही प्रभूकडे वळलो तेव्हा तुम्हाला कसं सांगायचं म्हणून तो दोन वर्षं तुमच्याकडे आला नाही ते. तुम्हाला वाटलं होतं तो तुम्हाला विसरला. तो दर वेळी बसपर्यंत जायचा आणि परत यायचा. तुमची पाठ कधी वळली ते मला कळलं नाही. तुमचं तोंड माझ्याकडे होतं.

मी विचारलं, माझी पत्रं? तुम्ही चिडलात. "काय पत्रं पत्रं! मला जवळचं दिसत नाही ग. नातवंडांकडून वाचून घ्यायची पत्रं आहेत का ती? माझ्या भावाच्या घरातली गोष्ट मी पोरासोरांच्या तोंडून ऐकू?" म्हणजे ती नुसत्या रागामुळे बंद नव्हती. हे बोलोतला कसं कळणार, आणि तुम्ही त्याला कशाला सांगाल.

म्हणून या पत्राबरोबर मेदेरचा चष्मा पाठवते आहे. कानाकडची काडी सैल आहे, जपून उघडा. तुम्हा दोघांचे डोळे सारखे होते, नंबरही सारखा निघेल असं वाटतं. आधीची पत्रं तारखेप्रमाणे वाचा. तिसऱ्यात त्या दुपारचं आहे. ते बसून वाचा.

तुम्ही जेवण न करता निघालात. मला परत घेतलंत की नाही तेही बोलला नाहीत, आणि मी विचारलं नाही. तालुक्याच्या कबरस्तानात जाऊ या का असं मी म्हटलं, त्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "आज माझ्याकडे ती मातीची मूठ नाही." मग बसच्या पायरीवर, बोलोतकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणालात, "शनिवारी ही बस नेहमी उशिरा येते."

मी तेवढंच धरलं आहे.

शनिवारचा मुलांचा वर्ग मार्लेनभाऊ स्वतः घेणार आहेत, मी सांगून टाकलं. पाणी दाइर बघेल. जर्दाळू जिपार वाळत घालेल. त्या दिवशी माझ्या हातात काही नसेल, मी काही शिवणार नाही, काही निवडणार नाही. दार उघडं ठेवून बसलेली असेन.

बस कितीही उशिरा येऊ दे.

सोनुन